डिझेल बाहेर, हवा आत

आमची जीप 2006 ची, वडिलांनी घेतलेली. 2021 ला पंधरा वर्षं भरली तेव्हा नाशिकच्या पेठ रोडच्या आरटीओत चार चकरा मारून पुढच्या पाच वर्षांसाठी तिचं पासिंग करून आणलं. मखमलाबादच्या बागेत औषधाचे ड्रम न्यायचे असोत की आईला सप्तशृंगी गडावर न्यायचं असो, घरात हीच गाडी. त्यामुळे 2025 च्या जानेवारीत तिच्याखाली फरशीवर तळहाताएवढा डाग दिसला तेव्हा जीव खालीवर झाला.

डाग ऑइलचा नव्हता. बोटावर घेऊन चोळला तर पातळ, आणि वास सरळ डिझेलचा. त्याच आठवड्यात आणखी एक तक्रार सुरू झाली होती. सकाळी गाडी सुरू व्हायला दहा-बारा सेकंद सेल्फ मारावा लागायचा. एकदा सुरू झाली की दिवसभर हात लावायचा अवकाश, लगेच चालू. नाशिकची जानेवारीतली पहाट कशी असते ते इथल्या कुणाला सांगायला नको. थंडीने होत असेल, थंड इंजिन तापवणारे हीटर प्लग गेले असतील, असं मी धरून चाललो. गळती हा एक आजार आणि सकाळचा सेल्फ हा दुसरा, अशी माझी समजूत होती.

नेहमीच्या गॅरेजवाल्याने बोनेट उघडलं, टॉर्च मारला आणि दोन मिनिटांत निकाल दिला. डिझेल पंपाचं सील गेलंय, पंप उतरवून ओव्हरहॉल करावा लागेल, अठरा हजार. पंप ओला होता हे खरं होतं, मी स्वतः पाहिलं. पण इतक्या पटकन दिलेल्या निकालावर अठरा हजार खर्च करायला मन धजेना.

आमच्या शेजारचे काका सातपूरच्या मायकोतून निवृत्त झालेत. कंपनीचं नाव बॉश होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांच्या आणि आमच्याही तोंडी मायकोच आहे. सगळी नोकरी नोझलच्या, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोंडाच्या खात्यात. त्यांना संध्याकाळी बोलावलं. त्यांनी पंपाखाली बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाले, "पंप उतरवायची घाई करू नकोस. पेट्रोल गळलं तर वाळून जातं. डिझेल वाळत नाही, ते पसरतं, ओघळत जातं. थेंब जिथून पडतो ती सगळ्यात खालची जागा. गळती तिथेच असेल असं नाही."

म्हणजे आधी इंजिन स्वच्छ आणि कोरडं करणं आलं. इथे मी चूक करणारच होतो. गॅरेजमध्ये इंजिन डिझेलनेच धुतात, तसंच ब्रश बुडवून सुरू करणार तेवढ्यात काकांनी हात धरला. डिझेलची गळती शोधायची आणि इंजिनावर डिझेल ओतायचं, मग काय दिसणार? भांड्याच्या साबणाचं पाणी, दात घासायचा जुना ब्रश आणि चिंध्या घेऊन दोन तास बसलो. अल्टरनेटरला प्लास्टिकची पिशवी बांधली. रात्रभर वाळू दिलं.

दुसऱ्या दिवशी पावडर. कोरड्या पावडरीवर ओल उमटते, एवढाच त्यातला विचार. मी देवघरातली रांगोळी आणली तर काकांनी ती परत पाठवली. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, चुकून एखाद्या जोडात गेली तर नोझल संपलं. नोझलमधली सुई आणि तिचं घर यांच्यामधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड. म्हणून मुलीची टाल्कम पावडर आणली आणि पंपावर, फिल्टरवर, नोझलच्या रांगेवर डब्यातून हलकेच झटकली. इंजिन पांढरं झालं. गाडी सुरू केली आणि आम्ही दोघं टॉर्च धरून उभे राहिलो.

उभे राहण्याआधी काकांनी एक गोष्ट मला तीनदा सांगितली, ती तशीच लिहितो. इंजिन चालू असताना पंपापासून नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांवर हात फिरवायचा नाही. आमच्या जुन्या मेकॅनिकल इंजिनात नोझलच दोनशे बारच्या वर, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशे पटीला उघडतं. बारीक चीर असेल तर तिथून निघणारी धार डोळ्याला दिसत नाही, पण कातडीत घुसते. सुई टोचल्यासारखं वाटतं आणि पुढे बोट कापायची वेळ येऊ शकते. तपासायचंच असेल तर लांब पुठ्ठा धरायचा. असं काही लागलं तर घरी पट्टी बांधून बसायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं.

पाच मिनिटं काही नाही. मग तिसऱ्या नोझलच्या डोक्याशी पावडरीवर मोहरीएवढा करडा ठिपका उठला. बघता बघता त्याची रेघ झाली, रेघ हेडच्या कडेने मागे गेली, ब्रॅकेटवरून खाली उतरली आणि नेमकी पंपाच्या अंगावर येऊन पसरली. पंप वरून भिजत होता. त्याच्या स्वतःच्या सीलभोवतीची पावडर शेवटपर्यंत पांढरीच राहिली.

गळत होता तो ओव्हरफ्लोचा पाईप. सुईच्या त्या दोन-तीन मायक्रॉनच्या फटीतून थोडं डिझेल सतत वर झिरपतं, ते झिरपायलाच हवं, सुईला वंगण त्याचंच. हे जास्तीचं डिझेल नोझलच्या डोक्यावरून कापडी वेष्टणाच्या बारीक रबरी पाईपांनी टाकीकडे परत जातं. चार नोझल, मध्ये तीन तुकडे, एक शेवटचा तुकडा परतीच्या नळीला आणि पहिल्या नोझलच्या मोकळ्या तोंडावर टोपी. इंजिनाच्या उष्णतेत वर्षानुवर्षं राहून आमचे तुकडे लाकडासारखे कडक झाले होते. तिसऱ्याला वाकवलं तर कट्‌ आवाज आला आणि चीर उघडी पडली.

नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या स्पेअरच्या दुकानात मीटरवर पाईप मिळाला. जुना तुकडा सोबत नेला होता म्हणून आतलं माप नेमकं जुळलं. हा पाईप नुसता दाबून बसतो, क्लिप लागत नाही. जुने निघेनात तेव्हा ओढाओढ केली नाही. ब्लेडने लांबीत चिरून सोलून काढले, पण ब्लेड नोझलच्या नळीला लागू न देता. तिथे एक ओरखडा पडला तरी नवा पाईपही गळणार. चारही बदलले. एक फुटला म्हणजे बाकीचे त्याच वयाचे आहेत.

खाली पुठ्ठा अंथरला. सकाळी पुठ्ठा कोरडा आणि सेल्फ तसाच, दहा सेकंद.

मी हीटर प्लगचा विषय काढला. काका म्हणाले, "हवा घेतेय गाडी." आमच्या जीपला रोटरी पंप आहे. तो टाकीतलं डिझेल फिल्टरमधून स्वतः ओढून घेतो. या ओढीच्या बाजूला कुठे जोड सैल असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, त्यामुळे खाली थेंब दिसत नाही. रात्रभर गाडी उभी राहिली की त्याच फटीतून हवा शिरते, नळीतलं डिझेल हळूहळू टाकीत परत उतरतं आणि सकाळी पंपाला आधी रिकामी नळी भरावी लागते. दिवसा सेल्फ का लागत नव्हता तेही त्यात आलं. मी पंपाच्या पुढची गळती शोधली होती, ओढीच्या बाजूची नाही.

फिल्टर आणि पंप यांच्यामधला रबरी पाईप काढून तिथे पारदर्शक नळी बसवली. फिल्टरवरचा हातपंप दाबून एअर काढली, गाडी चालू केली. नळीतून सोनेरी डिझेल वाहत होतं आणि त्यात साबुदाण्याएवढे बुडबुडे, एकामागे एक. इतकं स्पष्ट काही मी त्या इंजिनात आजवर पाहिलं नव्हतं. मग नळी एकेक जोड मागे सरकवत गेलो. फिल्टरच्या आधी लावली, तरी बुडबुडे. टाकीकडच्या जोडाशी लावली तेव्हा वाहतं डिझेल एकदम काचेसारखं झालं. म्हणजे दोष या दोन जागांच्या मध्ये.

ड्रायव्हरच्या पायाखाली चॅसीवरून येणारी लोखंडी नळी जिथे रबरी पाईपला भेटते तिथे हात घातला. क्लिपच नव्हती. पूर्वी कधीतरी कुणी बाइंडिंगची तार दोन वेढे देऊन पक्कडीने पिळली होती. तारेने रबर एका बाजूला कापलं होतं, दुसऱ्या बाजूला सैल सोडलं होतं. ज्याने ते केलं त्याला पाच रुपयांच्या क्लिपचा आळस नडला, आणि माझी बॅटरी रोज सकाळी त्याची किंमत मोजत होती. मला याचा मनापासून राग आला.

पाईपचं टोक दोन बोटं कापून टाकलं, लोखंडी नळीवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढला, चिंधीने पुसलं आणि नीट क्लिप आवळली. फिल्टरच्या बँजो बोल्टचे, म्हणजे ज्याच्यातून डिझेल जातं त्या पोकळ बोल्टचे, तांब्याचे वायसरही नवे घातले. ते एकदा दबले की पुन्हा तसेच बसत नाहीत. पाईप, क्लिपा आणि वायसर मिळून साडेचारशे रुपये गेले.

पारदर्शक नळी दोन दिवस मुद्दाम ठेवली. एकही बुडबुडा नाही. मग ती काढून रबरी पाईप परत बसवला, कारण इंजिनाच्या गरमीत ते प्लास्टिक कडक होऊन तडकतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आई मागच्या सीटवर ओटीचं सामान घेऊन बसली. हीटरचा दिवा विझला, किल्ली फिरवली आणि दुसऱ्या फेऱ्याला इंजिन लागलं. पायथ्याच्या नांदुरीहून घाट चढून गडावर पोहोचल्यावर आई दर्शनाच्या रांगेकडे गेली. मी बोनेट उघडून पंपावर, तिसऱ्या नोझलवर आणि त्या खालच्या जोडावर पांढरी चिंधी फिरवली. तिन्ही ठिकाणी ती कोरडी होती.