आंबा विकायच्या आधी अढी शिकवली

देवगड तालुक्यातल्या आमच्या बागेतला आंबा वर्षानुवर्षं वाशीला जायचा. पेट्या एकदा ट्रकात चढल्या की भाव तिकडे ठरणार, भाडं-हमाली वजा होऊन पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, येणार, आणि तो आंबा कुणी खाल्ला, गोड लागला का, हे आम्हाला कधीच कळणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत बाजाराची घडी विस्कटली आणि इकडे झाडावर आंबा तयार. मग पुण्या-मुंबईतल्या ओळखीपाळखीच्यांना थेट पेट्या पाठवायला लागलो.

पण तेच सगळे करत होते. मोबाईल उघडला की 'अस्सल देवगड हापूस, थेट बागेतून, घरपोच'. खऱ्या बागायतदाराची जाहिरात तीच आणि कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाच्या पेटीत भरणाऱ्याचीही तीच. त्यात आमची आणखी एक टाकून काय उजेड पडणार होता?

गिऱ्हाइकांचे फोन मात्र मी नीट ऐकत होते. "वहिनी, आंबे हिरवेच आलेत." "साल सुरकुतलीय, नासले का हो?" "फ्रीजमध्ये ठेवलेत, पिकत का नाहीत?" यातली आंब्याची तक्रार कुठली? पेटी घरी आल्यावर तिचं करायचं काय, हेच शहरात कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे आंबा चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण, तयार झाला की काढतात, झाडावर पिकू देत नाहीत. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, काढताना बोटाच्या पेराएवढा देठ ठेवायचा, नाहीतर चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतो. पुढचं पिकणं अढीत, म्हणजे पेंढ्यात रचून. हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं की कुणाला सांगायचं असतं हे सुचलंच नव्हतं.

मग सासूबाईंना अढी लावताना मोबाईलवर टिपलं. भाताच्या पेंढ्याचा थर, त्यावर एकमेकांना न दाबता मांडलेले आंबे, वर परत पेंढा. एक-दोन दिवसांनी हात घालून चाचपायचं, तयार झालेला बाजूला काढायचा. पेंढा नसेल तर वर्तमानपत्र आणि पुठ्ठ्याचं खोकं चालतं. हिरवा आंबा फ्रीजमध्ये घालायचा नाही, थंडीने त्याचं पिकणंच बिघडतं. साल थोडी सुरकुतली म्हणजे बहुतेक वेळा आंबा खायला आला. मी मागून विचारलं, पिकला हे कळायचं कसं? सासूबाई म्हणाल्या, "घाई कित्याक? वासच सांगतलो." मध्ये कोंबडा आरवला, तोही ठेवला.

त्या व्हिडिओत ना दर टाकला, ना 'ऑर्डरसाठी संपर्क'. दीर चिडले, "वहिनी, निदान नंबर तरी!" बागेचं नाव तेवढं शेवटी होतं. विकत घ्या असं म्हटलं असतं तर सुनांनी सासवांना आणि सासवांनी माहेरी तो पाठवला नसता, याची मला खात्री होती. महिन्याभरात तो फिरत फिरत ठाण्याच्या नणंदेकडून आमच्याकडेच आला, 'बघा किती छान माहिती' असं लिहून!

त्यानंतर प्रश्न यायला लागले, तेही दुसरीकडून घेतलेल्या आंब्यांचे. नाशिकच्या एका गृहस्थांनी रस्त्यावर घेतलेल्या आंब्यांचे फोटो पाठवले, सगळे एकसारखे पिवळेधमक, वास नाही, आत करकरीत. कार्बाइडचा संशय येण्यासारखेच होते, आणि कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे, तसं सांगितलं. पण त्यांनी पुढे विचारलं की गॅसवर पिकवलेले सगळेच वाईट का? तेव्हा 'हो' म्हणणं माझ्या फायद्याचं होतं. खरं उत्तर वेगळं आहे. फळ पिकताना स्वतःच इथिलीन सोडतं, आणि ठरलेल्या मर्यादेत इथिलीन वायू वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची परवानगी आहे. तेच कळवलं. इतरांच्या मालाला विष म्हणून आपला खपवायचा प्रकार आमच्या धंद्यात फार बोकाळलाय. मला तो पटत नाही.

अवघड जागा साक्याची. हापूसचं हे जुनं दुखणं आहे. बाहेरून टवटवीत आंबा, कापला की आत पांढुरका, स्पंजासारखा, आंबूस गर. वरून ओळखता येत नाही, आम्हालाही नाही. म्हणून पेटीसोबतच्या चिठ्ठीत पहिल्याच ओळीत लिहायला लागले, की एखाद्या आंब्यात साका निघू शकतो, कापल्यावर फोटो पाठवा, तेवढे आंबे पुढच्या पेटीत जास्त येतील किंवा पैसे परत. घरात यावर वाद झाला. आपणच कशाला दोष दाखवायचा? आणि लोक फसवतील त्याचं काय? एकीने एकच फोटो दोनदा पाठवला, हे खरं. दिले आम्ही दोन्ही वेळचे आंबे. बाकी बरेच जण "एकच निघाला, राहू दे" म्हणतात. आणि नव्या माणसाला आमची शिफारस करताना लोक गोडीच्या आधी या चिठ्ठीचंच सांगतात, हे मला नंतर कळलं.

गिऱ्हाइकांच्या यादीचंही थोडं सांगते. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टचा निरोप ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतो, आणि एका यादीत २५६ च माणसं मावतात. अनेकांना याचा जाच वाटतो. मला ही गाळणी फार आवडते. नंबर विकत घेऊन तिथे काही साधत नाही, समोरच्याने आपण होऊन आपल्याला फोनमध्ये जागा द्यावी लागते. निरोपही मी मोजकेच पाठवते. जानेवारीत मोहोराचा फोटो. मार्चमध्ये 'आत्ता दर चढे आहेत, घाई नसेल तर एप्रिल अखेरीपर्यंत थांबा'. मेअखेर वळिवाचे शिंतोडे पडले की 'आता फळमाशीचा धोका वाढतो, यापुढचा आंबा मागवू नका'. रक्षक सापळे लावूनही तेव्हा आम्हाला भरवसा देता येत नाही.

कोथरूडच्या एका काकू सगळ्या सोसायटीच्या ऑर्डरी गोळा करून देतात. मी त्यांना दर पेटीमागे काही देऊ केलं. त्या फोनवर फटकन म्हणाल्या, "नको गं. मग आंबा चांगला नसला तर मला लोकांना सांगता यायचं नाही." कमिशनचा विषय तिथेच संपला. हंगामाच्या शेवटी त्यांना आमसुलं आणि कुळथाचं पीठ जातं, ते त्या आनंदाने घेतात.

मध्ये एका वर्षी मोहोर करपला आणि फळ फारच कमी लागलं. बाहेरचा आंबा आणून आमच्या पेटीत भरणं सोपं होतं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ठरावीक भागातल्याच आंब्याला ते नाव, तरी गिऱ्हाईक अजून पेटीवरचं नावच वाचतं. आम्ही यादीवर कळवलं, 'यंदा सगळ्यांना पुरणार नाही', आणि खालच्या वाडीतल्या एका बागायतदारांचा नंबर दिला. मिस्टर दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. त्या गिऱ्हाइकांतली काही कायमची तिकडेच गेली. पण पुढच्या हंगामात त्या शेजाऱ्यांकडे पायरीची मागणी आली, त्यांच्याकडे पायरी नाही, आणि ते फोन आता आमच्याकडे येतात.