लेग प्रेस बंद करू का, डॉक्टर?

फाईल त्याच्या आईच्या हातात होती. वय 34, वजन 82 किलो, दंड बाहीत न मावणारे. त्याला स्वतःला काहीच त्रास नव्हता. घाबरली होती ती आई, कारण त्याच्या वडिलांची अँजिओप्लास्टी 48व्या वर्षी झाली होती. "डॉक्टर, आधी ह्याचं ते वजनं उचलणं बंद करा," खुर्चीत टेकण्याआधीच त्या म्हणाल्या.

"लेग प्रेस बंद करू का?" त्यानेही पडक्या आवाजात विचारलं. लेग प्रेस म्हणजे यंत्रावर पायांनी वजन ढकलण्याचा व्यायाम.

बीपी 126/80. दुसऱ्या हातात रबरी चेंडू देऊन मी तो तीन मिनिटं दाबून धरायला सांगितला. बीपी 158/104 झाला आणि आईचा चेहरा उतरला. चेंडू सोडताच थोड्या वेळात तो पुन्हा खाली आला. हेच मला दोघांना दाखवायचं होतं. 1985 साली अनुभवी शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून जड लेग प्रेस करताना रक्तदाब मोजला, तेव्हा सरासरी 320/250 पर्यंत गेला होता! आवळलेले स्नायू रक्तवाहिन्या दाबतात, त्यात श्वास रोखला की छातीतला दाबही भर घालतो. पण हा चढ क्षणभराचा. नियमित वजनं उचलणाऱ्यांचा एरवीचा बीपी उलट थोडा उतरतो. म्हणून मी एवढंच सांगितलं, जोर लावताना श्वास सोडा, कुंथू नका.

मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन 1.4 होतं. भरपूर स्नायू आणि मांसाहार असला की ते वाढलेलं दिसू शकतं. स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली मूत्रपिंडाची दुसरी चाचणी, सिस्टॅटिन-सी, नॉर्मल आली, तो विषय तिथेच संपला.

माझी नजर अडकली एलडीएलवर, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलवर. 206. दोन वर्षांपूर्वी तेच 118 होतं. स्टेरॉइड घेणाऱ्यांचं एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, बहुधा घसरतं, ह्याचं चांगलं होतं. तरीही आईंना बाहेर बसायला सांगून मी विचारलंच. तो नाही म्हणाला आणि मला ते खरं वाटलं.

मग दिवसभराचं खाणं लिहून घेतलं. प्रोटीन 220 ग्रॅम, म्हणजे किलोमागे जवळजवळ 2.7. व्यायामाबरोबर स्नायू वाढवायला साधारण 1.6 च्या पुढे फारसा फायदा दिसत नाही. पण आकड्यापेक्षा मला ते कशातून येतंय याची काळजी वाटली. चरबीचं मांस, चीज, लोण्यात परतलेली अंडी. कार्ब्स नकोत म्हणून कडधान्यं आणि फळं बंद. अशा खाण्यातली संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी वाढली की यकृत रक्तातलं एलडीएल कमी उचलतं. त्यात कडधान्यं-फळांतले तंतूही (फायबर) गेलेले. ट्रेनरने प्रोटीनचे ग्रॅम काटेकोर लिहून दिले होते. चरबीचे कोणीच मोजले नव्हते. मला मनापासून राग आला.

व्यायाम तसाच ठेवला. प्रोटीन 130 ग्रॅमवर आणलं, त्यात कडधान्यं, मासे, कमी चरबीचं दही.

दहा आठवड्यांनी एलडीएल 138. तो खुशीत लेग प्रेसचं वजन किती वाढलं ते सांगत होता. मी मात्र लायपोप्रोटीन-ए ची, म्हणजे हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या एका कोलेस्टेरॉल-कणाची, चाचणी लिहीत होते; ते आनुवंशिक असतं, आहाराने फारसं हलत नाही, आणि वडिलांचं 48वं वर्ष माझ्या डोक्यातून जात नव्हतं.