एक्केचाळिसावं नाणं

राजकन्येच्या वाढदिवसाची ऑर्डर आली की मी सगळ्यात आधी उत्सवमूर्तीला भेटते. रंग, फुगे, केकवरचा राजवाडा हे सगळं आईबाबांशी बोलता येतं, पण राजकन्या म्हणजे नेमकं काय हे प्रत्येक मुलीच्या मनात वेगळं असतं. एकीला घोडा हवा असतो, एकीला फक्त लांब केस हवे असतात. ही मुलगी पाच वर्षांची होणार होती. मी विचारलं, "तुझ्या राजवाड्यात काय काय असेल?" तिनं बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "खजिना. चांदीचा. आणि पेटी इतकी जड की कुणालाच उचलता येणार नाही."

तिथेच माझा बेत ठरला.

लहान मुलांच्या वाढदिवसांची आखणी हे माझं गेल्या नऊ वर्षांचं काम आहे आणि मला ते मनापासून आवडतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, गुलाबी पडदे आणि चमकी लावली की झालं. खरं काम मुलांच्या नजरेच्या उंचीवर बसून करायचं असतं. तीन ते सहा वयाच्या मुलांना दोन तास पुरतात. त्यापुढे रडारड सुरू होते, म्हणून मी वेळ साडेचार ते साडेसहा ठेवली, दुपारची झोप झाल्यानंतरची. सिंहासन एकच ठेवलं तर त्यावरून भांडणं ठरलेली, म्हणून अकरा मुलांसाठी अकरा मखमली उशा मांडल्या आणि प्रत्येक उशीला सिंहासन म्हटलं. संगीत थांबल्यावर बाद होण्याचा खेळ मी या वयाला कधीच घेत नाही. जे मूल पहिलं बाद होतं, त्याचा वाढदिवस तिथेच संपतो. आणि पाहुण्यांत मुलगे असले तर त्यांना दारात पहारेकरी म्हणून उभं करायचं नाही. त्यांनाही मुकुट हवा असतो.

मग येतात माझे नियम, ज्यांवरून पालक कधी कधी वैतागतात. रबरी फुगे मी कमानीला उंचावर बांधते आणि एखादा फुटला तर हातातलं काम टाकून आधी त्याचे तुकडे उचलते, कारण फुग्याचा तुकडा घशात बसला की तो श्वासनलिकेवर पडद्यासारखा चिकटतो. आठ वर्षांखालच्या मुलांना न फुगवलेला फुगा हातात द्यायचा नाही, हे परदेशी पाकिटांवर छापलेलंच असतं. मेणबत्त्या लावायच्या आधी सगळ्यांचे झगे आणि ओढण्या उतरवून घेते, मोकळे केस बांधते. राजकन्येच्या फ्रॉकची ती जाळी पॉलिस्टरची किंवा नायलॉनची असते, ती पेटते आणि वितळून कातडीला चिकटते. केकभोवती वाकलेली दहा डोकी पाहिली की माझा जीव अजूनही थाऱ्यावर नसतो.

खजिन्यासाठी मी चांदीच्या कागदाची नाणी केली. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासताना ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात. जी वस्तू त्यात पूर्ण मावते ती घशात अडकू शकते, असा साधा हिशोब. मी त्याहून बरंच मोठं माप घेतलं: पुठ्ठ्याची गोल नाणी, प्रत्येकी आठ सेंटिमीटर, मोजून चाळीस. लाकडी पेटीच्या झाकणाला रुंद फट पाडली आणि पेटी खरंच जड व्हावी म्हणून तळाशी फरशीचे दोन तुकडे चिकटवले. मुलगी आदल्या दिवशी येऊन पेटी उचलून बघून गेली. उचलली गेली नाही. तिच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहून माझे सगळे कष्ट वसूल झाले.

वाढदिवसाच्या दिवशी चार वाजता तिची आत्या आली. हातात मोठी पिशवी, पिशवीत अकरा लुकलुकणारे मुकुट. "ताई, बघा ना, दिवे लागतात!" तिनं ते किती हौसेनं आणले होते ते तिच्या आवाजात कळत होतं. मुलीनं एक डोक्यावर चढवला आणि आरशासमोरून हलेचना. मी एक मुकुट हातात घेतला, कडा बोथट आहेत ना पाहिलं, चमकी निघत नाही ना पाहिलं. आतल्या बाजूच्या छोट्या झाकणाकडे माझी नजर गेली. मी ते उघडून पाहिलं नाही. ही चूक माझी आहे. मुलांच्या वस्तूंमध्ये सेलच्या झाकणाला स्क्रू हवा, नखानं उघडणारं झाकण चालत नाही, हे मला माहीत होतं. पण दारात पहिली गाडी थांबली होती आणि मी "छान आहेत" म्हणाले.

पुढचा दीड तास मी आखला होता त्याहून सुंदर गेला. मुलं उशांवर बसली, एकमेकांना "महाराणी" म्हणून हाक मारू लागली. एका मुलानं स्वतःला प्रधान जाहीर केलं आणि सगळ्यांना पाणी पाजत सुटला. मग खजिन्याचा शोध. पडद्यामागे, उशांखाली, फुलदाणीमागे लपवलेली नाणी मोठ्या मुलांनी पटापट काढली. ज्याला मिळेल त्यानं पेटीत टाकायचं आणि सगळ्यांनी मिळून मोजायचं, म्हणजे कुणा एकाचा विजय होत नाही, राज्याचा खजिना भरतो. विसापर्यंत मुलं मोजत होती, पुढचे आकडे मी म्हणत होते आणि ती माझ्यामागून ओरडत होती.

सगळ्यात धाकटा तीन वर्षांचा होता. त्याला एकही नाणं सापडलं नव्हतं. तो खोलीभर फिरला, एका कोपऱ्यात जाऊन बसला आणि अगदी शेवटी उठून पेटीकडे आला, मूठ घट्ट मिटलेली. "अरे वा, तुलाही मिळालं!" मी म्हटलं. त्यानं मूठ उघडली नाही, हात तसाच फटीत घातला आणि रिकामा बाहेर काढला. आम्ही सगळे ओरडलो, "एक्केचाळीस!" त्यानं स्वतःच टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, कापताना एक नाणं जास्त झालं असेल.

सहा वाजून वीस मिनिटांनी, केक झाल्यावर, मी मुकुट गोळा करत होते. चार मुलं तोवर घरी गेली होती, त्यांचे मुकुटही इथेच राहिले होते. दहा लुकलुकत होते. अकरावा विझलेला. उलटा करून पाहिला तर झाकण नव्हतं आणि सेलही नव्हता.

दुसऱ्या मुकुटाचं झाकण मी नखानं उघडलं. चपटा, गोल, नाण्यासारखा सेल, वर २०३२ असं छापलेलं. या आकड्यातच त्याचं माप असतं: २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. मुलांच्या अन्ननलिकेत अडकण्यासाठी हे सगळ्यात घातक माप. सेल अडकला की तिथल्या ओलाव्यातून वीज वाहते, सेलभोवती दाहक क्षार तयार होतो आणि आतलं अस्तर जळू लागतं. दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. दिवा लागत नाही इतका उतरलेला सेलसुद्धा हे करू शकतो. मुकुट मुलांच्या हातात पावणेपाचला गेले होते.

खेळताना सगळ्यांनी मुकुट एका ढिगात टाकले होते, त्यामुळे विझलेला मुकुट कुणाचा हे कळायला मार्ग नव्हता.

मी मुलीच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं. त्या पांढऱ्या पडल्या. "आधी शोधूया ना ताई? सगळ्यांना सांगितलं तर केवढा गोंधळ होईल." त्यांची भीती मला समजत होती. पाहुण्यांसमोर, लेकीच्या वाढदिवशी, हे कुणाला हवं असतं? पण मी म्हटलं, "शोधूच, पण फोन आधी. कदाचित एखाद्या आईला काहीतरी दिसलं असेल आणि तिला त्याचा अर्थ माहीत नसेल." त्यांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि फोन उचलला. त्या क्षणाबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे. मुलीच्या बाबांनी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाला फोन लावला, आईनं घरी गेलेल्या चौघांना, आणि मी हजर असलेल्या पालकांना सरळ सांगितलं: एक सेल हरवलाय, कुणी खोकतंय का, लाळ गाळतंय का, गिळायला नको म्हणतंय का, बघा. काहीच लक्षण नसलं तरी निश्चिंत होऊ नका.

मुलांना विचारणं अवघड असतं. "तू गिळलंस का?" असं विचारलं तर लहान मूल मोठ्यांच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतं. एक चार वर्षांची मुलगी हो म्हणाली. मी तिला विचारलं, "आणि उशी गिळलीस?" तेव्हाही हो. मग मी खाली बसून नुसतं म्हटलं, "एका मुकुटाचा तारा हरवलाय, कुठे गेला असेल?" कुणीच काही बोललं नाही.

तेवढ्यात धाकट्याच्या घरून फोन आला. तो दुधाला तोंड लावत नव्हता.

डॉक्टरांनी त्याच्या बाबांना सांगितलं, ताबडतोब निघा, उलटी करवू नका. मूल एक वर्षाहून मोठं आहे आणि नीट गिळतंय, तर घरात मध असल्यास दोन चमचे द्या, वाटेत दर दहा मिनिटांनी पुन्हा द्या, पण मधासाठी कुठे थांबू नका. बाकी काही खायला-प्यायला नको. मध सेलभोवती थर धरतो आणि जळणं थोडं लांबवतो, इतकंच. सेल काढावाच लागतो. हो म्हणालेल्या मुलीचे आईबाबाही तिला घेऊन निघाले. मी त्यांना थांबवलं नाही. थांबवायचा मला काय अधिकार होता?

मग मी गुडघ्यांवर बसले आणि गालिचा इंच इंच चाचपला. उशांच्या खोळी काढल्या. जाळीच्या पडद्याच्या चुण्या झटकल्या. आत्या माझ्या शेजारी जमिनीवर बसून रडत शोधत होती. "मी कशाला आणले हो," एवढंच म्हणत होती. मी तिचा हात धरला. ज्या झाकणाला स्क्रू नाही ते मुलांसाठी विकायला कुणीतरी ठेवलं होतं आणि मी ते दारातून आत येऊ दिलं होतं. त्या दोघांच्या मध्ये ती फक्त तिचं प्रेम घेऊन उभी होती.

पडद्याजवळ मला एक चांदीचं नाणं मिळालं, मुलांकडून सुटून राहिलेलं. ते मी उचललं आणि तशीच बसून राहिले. चाळीस नाणी मी कापली होती. एक इथे माझ्या हातात होतं. म्हणजे पेटीत एकोणचाळीसच असायला हवीत आणि आम्ही मोजली होती एक्केचाळीस. एखादं नाणं माझ्याकडूनच दोनदा मोजलं गेलं असेल. पण दुसरं जास्तीचं?

माझ्या डोळ्यांसमोर ती मिटलेली मूठ आली. आठ सेंटिमीटरचं नाणं तीन वर्षांच्या मुलाच्या मुठीत मावतच नाही.

पेटीचं झाकण स्क्रूनं बसवलेलं होतं. मुलीच्या बाबांनी ते काढलं आणि आम्ही पेटी गालिच्यावर उपडी केली. नाण्यांच्या ढिगात, अगदी वरच्या थरातून घरंगळलेला, तो सेल होता. सोबत काळं झाकणही. झाकण त्यानं आत कधी टाकलं ते मला कळलं नाही, पण एक्केचाळिसाचा हिशोब जुळला. मी पोरांना चांदीचं, गोल, चमकणारं काहीतरी शोधायला लावलं होतं. त्यानं शोधलं होतं, स्वतःच्या मुकुटातून. आणि माझ्यापर्यंत येईपर्यंत ते त्यानं मुठीत ठेवलं होतं, तोंडात नाही.

रुग्णालयात फोन लावला तेव्हा धाकट्याचा एक्स-रे झालेला होता. सेल पोटात किंवा अन्ननलिकेत असता तर त्याच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसतं. तसं काहीही नव्हतं. चार वर्षांच्या मुलीचाही स्वच्छ. दूध नको होतं, कारण पोटात केक होता आणि डोळ्यांत झोप. डॉक्टरांनी त्याच्या बाबांना सांगितलं, तुम्ही आलात हेच बरोबर केलंत.

मी सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावली, उरलेल्या दहा मुकुटांतले सेल काढून त्यांनाही लावली आणि मोजले. अकरा. पुन्हा मोजले. मुलीची आई येऊन शेजारी बसली आणि आम्ही तिसऱ्यांदा एकत्र मोजले.

आता मुलांच्या हाती लागणारी कुठलीही वस्तू, मग ती कुणीही आणलेली असो, मी उलटी करून झाकण उघडून बघितल्याशिवाय आत जात नाही, आणि हे मी ऑर्डर घेतानाच सांगते. पिशवीत माझा एक छोटा पेचकस असतो.

रात्री नऊच्या सुमारास धाकट्याच्या बाबांचा फोन आला. आवाज थकलेला होता, पण रागावलेला नव्हता. मी माफी मागितली. ते काही क्षण बोलले नाहीत, मग म्हणाले, "त्याला तुमच्याशी बोलायचंय."

"मावशी," तो म्हणाला, "माझं नाणं पेटीत आहे?"

"एक मिनिट हं," मी म्हटलं. टेबलावर चांदीचा कागद आणि पुठ्ठा अजून पडलेला होता. मी फोन खांद्यावर धरून एक नाणं कापलं, बाकीच्यांपेक्षा मोठं, आणि फटीतून आत टाकलं.

"आहे," मी सांगितलं.