‘कमला’ची तालीम: सरिता सोफ्यावरून उतरली!

मागच्या तालमीत गाडं अडलं होतं तिथूनच सुरू करतो, म्हणजे सरिता-कमला प्रवेशापासून. पत्रकार जयसिंग बातमीसाठी कमला नावाची बाई विकत घेऊन घरी आणतो; सरिता त्याची बायको. तेंडुलकरांचं हे १९८१चं नाटक लोक पत्रकारितेवरचं समजतात. माझ्या मते ते या दोघींचं नाटक आहे, आणि त्यांची मैत्री या एवढ्याच प्रवेशात जमायला हवी.

सरितालाही विकतच आणलंय असं समजून कमला विचारते, तुम्हाला केवढ्याला विकत घेतलं? सरिता सांगते, सातशे. तालीम बघायला येणारा दर वेळी इथे हसायचा. पॉज वाढवला की हशा वाढायचा, काढला की ‘सातशे’ बुडायचं. त्यात आमच्या सरिताचा सूर रडवेला. तिला कमलाची कीव यायची, आणि कीव आली की मैत्री संपलीच.

परवा वैतागून दोघींना भूमिका बदलायला लावल्या. एरवी कमला करणारी आता सरिता म्हणून सोफ्याच्या कडेला अवघडून टेकली, थोड्या वेळाने कुणी न सांगता खाली उतरली आणि समोरच्या ताटातले तांदूळ निवडायला लागली. ‘सातशे’ म्हणाली ते खडा बाजूला टाकता टाकता, बाजारभाव सांगावा तसं. चिटपाखरू हललं नाही! मूळच्या सरिताने ते जसंच्या तसं उचललं. पुढे कमला हिशेब मांडते, एवढे मोजले आणि मूल नाही, म्हणजे महागच पडलं. तिथे आता सरितालाच हसू फुटतं. हशा हवा तर इथे.

सोफा मागे ढकलला, तो आता फक्त जयसिंगच्या बसण्यासाठी. (भाडेवाला तसाही फाटक्या रेक्झिनचाच पाठवतो.) कॉलर माइक मात्र तांदळाची खडखड नको तितकी पकडतो. ताटात पंचा अंथरून पाहिला, थोडा फरक पडला. इथे ग्वाल्हेरात दाल बाजारच्या नाट्यमंदिरात प्रयोग मिळाला तर माइक काढूनच टाकीन.

नाटकात कमलाची किंमत २५० रुपये. ज्या बातमीवरून नाटक सुचलं, त्यात पत्रकार अश्विनी सरीन यांनी एका बाईसाठी २,३०० मोजले होते, तेही आपल्या शेजारच्या धौलपूर भागात. निवेदनात हे घालणारच. ग्वाल्हेरच्या प्रेक्षकाला दिल्लीचा बंगला परका वाटेल, धौलपूर नाही.

आणि हे लिहिता लिहिता सुचतंय: एका प्रयोगात ही सरिता, दुसऱ्यात ती, असं केलं तर? दोघींची दोन्ही पाठांतरं झालीच आहेत. लुगड्याचं काही नाही, ब्लाउज तेवढे दोन मापांचे शिवावे लागतील. कुणी असं केलं असेल तर सांगा, प्रॉम्प्टर आत्ताच धास्तावलाय.