घुमकं कुठं गेलं?

"हलगी वाजतीया, पण घुमकं कुठं गेलं?" आबांनी मागच्या सीटवरून विचारलं तेव्हा आम्ही गगनबावड्याहून परत येताना कळे ओलांडलं होतं. पाऊस काचेवर नुसता ओतत होता. आबा तरुणपणी कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत होते, खासबागेत कुस्त्या बघत म्हातारे झाले. गाडीत बसले की त्यांना गावच्या जत्रेतलं मैदानाचं रेकॉर्डिंग लागतं. एका पोरानं ते चांगल्या माइकवर केलंय. दरवाजातले सहा इंची स्पीकर हलगी आणि कैताळ झकास वाजवतात. पण ८० हर्ट्झच्या खालचा सगळा जड आवाज मी डिकीतल्या बारा इंची वूफरवर सोडलाय. हलगीच्या जोडीला वाजणाऱ्या घुमक्याचा जड ठोका तिथूनच येतो. वूफर बंद पडला की हलगी उघडी पडते, मैदान आठवत नाही, आणि त्या दिवशी तो बंदच पडला होता.

दुसऱ्या दिवशी एका दुकानात गाडी दाखवली. त्यानं डिकी उघडली, ॲम्पचा, म्हणजे आवाज वाढवून वूफरला देणाऱ्या डब्याचा, दिवा लागलेला बघितला आणि सांगून टाकलं, "करंट येतोय, म्हणजे वूफर गेला. नवीन साडेसात हजार." मीटर हातात घेतलाच नाही. मला ते पटलं नाही. उद्यमनगरात लेथवर बावीस वर्षं काढलीत. मोजल्याशिवाय जॉब रिजेक्ट करत नाही आम्ही.

रविवारी सकाळी पाऊस उघडला तेव्हा दारातच बसलो. आधी स्टिरिओचं सेटिंग बघितलं, कारण बॅटरी काढली की कधीकधी सबवूफर आउटपुट आपोआप बंद होतं. ते चालू होतं. मग वूफरच्या दोन्ही वायरी ॲम्पमधून काढल्या आणि त्यांना भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला. कोन 'थप्' करून पुढं आला. मीटरवर कॉइल ३.४ ओहम. चार ओहमच्या कॉइलला एवढंच दाखवतं, तारेचा नुसता डीसी रेझिस्टन्स छापील आकड्यापेक्षा थोडा कमीच येतो. कॉइल जळून तुटली असती तर मीटरनं असा आकडा दाखवला नसता. म्हणजे वूफर ठणठणीत होता, आणि माझे साडेसात हजार तिथंच वाचले.

बॅटरीजवळच्या मेन फ्यूजच्या दोन्ही टोकांना १२.५ व्होल्ट. (फ्यूज नुसता बघून सोडू नका. काचेतून तार अख्खी दिसते आणि कड आतून सुटलेली असते.) रिमोट वायर, म्हणजे स्टिरिओ चालू झाला की ॲम्पला उठवणारी ती निळी बारीक वायर, तिच्यावरही बारा आले. मग राहिलं काय? दिवा तर लागलाय.

तो दिवा मी नीट बघितला. एरवी डोळ्यात घुसतो, आज मिणमिणत होता. सहज म्हणून स्टिरिओकडून येणाऱ्या आरसीए केबली उपटल्या, तर दिवा विझला. परत लावल्या, परत मिणमिणला. मी तिथंच डिकीच्या कडेवर बसलो. आवाजाची केबल काढल्यावर पॉवरचा दिवा का विझावा?

मीटरची लाल पिन ॲम्पच्या प्लसवर, काळी पिन ॲम्पच्या अर्थच्या, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यामार्गे बॅटरीकडे परत नेणाऱ्या वायरीच्या, स्क्रूवर: ६ व्होल्ट, तेही हेलकावे खात. लाल तिथंच ठेवली आणि काळी पिन मागच्या सीटच्या हुकाच्या उघड्या लोखंडाला टेकवली: १२.४. झालं. येणारा करंट पुरता येत होता, परत जायचा रस्ता तुटला होता. बिचारा ॲम्प आरसीए केबलीतल्या तारेच्या बारीक जाळीतून स्टिरिओमार्गे अर्थ शोधत होता. दिवा मिणमिणण्यापुरतं तेवढं पुरत होतं. हे फार वाईट. ती जाळी आवाजासाठी असते. तिच्यावर करंटचा भार पडला तर स्टिरिओच्या आतली अर्थची लाइनच जळू शकते आणि मग स्पीकरमधून घरघर सुरू होते. आणखी आठ दिवस तशीच गाडी फिरवली असती तर वूफर चांगला आणि स्टिरिओ बाद, असं झालं असतं.

स्टेपनी बाहेर काढली. खाली दोन बोटं पाणी. मागच्या दिव्याच्या रबरातून झिरपत आलेलं, गगनबावड्याच्या एका दिवसाचं नव्हे, पुऱ्या पावसाळ्याचं. अर्थचा बोल्ट त्याच खड्ड्याच्या काठावर, आणि लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, हाताला लागताच गंजाच्या पापुद्र्यासकट निघून आला. खाली बघतो तर बसवणाऱ्यानं रंग खरवडलेलाच नव्हता! रंगावरच बोल्ट आवळलेला. बोल्टच्या आट्यांतून जेवढा करंट जाईल तेवढ्यावर ही चार वर्षं निघाली होती.

हे काम मात्र जीव लावून केलं. आधी बॅटरीची मायनस काढली. जागा बदलून वर कोरड्यात, जाड पत्र्यावर घेतली. सीटबेल्टचा बोल्ट हाताशीच होता, पण त्याला हात लावायचा नाही. तो माणसाच्या जिवासाठी आहे. पॉलिश पेपरनं पत्रा चांदीसारखा होईपर्यंत घासला. वायर प्लसच्या वायरीइतकीच जाड, लांबी हातभरसुद्धा नाही, नवीन तांब्याचा लग दाबून बसवला, खाली दातेरी वायसर, आवळून वरून रंगाचा हात. मग ॲम्पच्या अर्थ स्क्रूपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत लांब वायर टाकून आवाज मोठा असताना मोजलं. ०.१ व्होल्टसुद्धा पडत नव्हता.

आबांना हाक मारली. चपला घालून आले, मागची सीट सोडून पुढं बसले. मी रेकॉर्डिंग लावलं. पहिलं घुमकं पडलं तसा आरसा थरथरला. आबांनी मांडीवर थाप दिली, "हां! आता लागली बघ कुस्ती."

रबर अजून बदललेलं नाही. लक्ष्मीपुरीत मिळतं का ते उद्या बघतो, तोवर डिकीत जुनं गोणपाट अंथरलंय.