पाचच गोळ्या द्या

शिरोली औद्योगिक वसाहतीच्या वाटेवर माझे औषधांचे दुकान आहे. फौंड्रीतील कामगारांचा महिना कुठवर आला आहे, हे मला दिनदर्शिकेपेक्षा कात्रीवरून आधी कळते. पगार झाला की पूर्ण पट्ट्या विकल्या जातात. २५ तारखेनंतर मात्र 'पाचच गोळ्या द्या' म्हणणारे वाढतात आणि मी पट्टी कापायला घेतो. (मुदतीची तारीख असलेला तुकडा माझ्याकडेच ठेवावा लागतो, त्यामुळे गिऱ्हाईकाच्या हाती बिननावाच्या चार-पाच गोळ्या पडतात.) या गोळ्यांत रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सर्वांत जास्त असतात.

हृदयविकार हा सुखवस्तू माणसांचा आजार आहे, हा समज मी दुकानात बसण्यापूर्वी बाळगून होतो. १७ देशांतील दीड लाखांहून अधिक लोकांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, तिने हा समज पार उलटा केला. कोलेस्टेरॉल, वजन, रक्तदाब अशा धोक्यांची बेरीज गरीब देशांत सर्वांत कमी होती, तरी हृदयविकाराचे मृत्यू तेथेच सर्वाधिक होते. आणि त्या गरीब देशांत भारतही होता. आजार होण्याइतकेच तो झाल्यावर काय मिळते, यावर माणसाचे जगणे अवलंबून असते, असा मी त्याचा अर्थ लावतो.

आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांतील एका मोल्डरला, म्हणजे ओतकामाचे साचे करणाऱ्या कामगाराला, चाळिशीतच झटका आला. ॲन्जिओप्लास्टी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून झाली. तीत बसवायच्या स्टेंटच्या, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या, कमाल किमतीवरही २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. म्हणजे सर्वांना ज्याची धास्ती वाटते तो मोठा खर्च निभावला; अडले ते पुढे. स्टेंट बसवल्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दोन गोळ्या बहुधा वर्षभर न चुकता घ्याव्या लागतात. तिसऱ्या महिन्यात त्याने त्यांतील महाग गोळी एक दिवसाआड घेणे सुरू केले. विचारल्यावर म्हणाला, "आता दुखत न्हाई की." फेरतपासणीलाही तो गेला नव्हता, कारण ठेकेदाराकडे खाडा म्हणजे त्या दिवसाचा रोज बुडाला, शिवाय येण्याजाण्याचे भाडे वेगळे. तंबाखू सोडायला सांगणे मला सोपे जाते. पण भट्टीसमोर दोन पाळ्या सलग काढणाऱ्याची भूक आणि झोप तीच पुडी मारते, हे मला माहीत आहे.

पैशाखेरीज आणखीही काही असावे. लंडनमधील सुमारे १८ हजार सरकारी नोकरांची पाहणी १९६७ मध्ये सुरू झाली. त्यांच्यात उपाशी कोणी नव्हता, उपचारही सरकारी खर्चाने मिळत होते. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतील लोकांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या श्रेणीच्या तिपटीहून जास्त भरले, आणि धूम्रपान व रक्तदाब हिशेबात घेऊनही बराचसा फरक उरला. दुसऱ्याच्या हुकमावर दिवस काढणाऱ्याच्या शरीरावर कसला ताण पडतो, याचा अंदाज ठेकेदाराचा फोन आला की उभ्या उभ्या घाम पुसणाऱ्या माणसाकडे पाहून मला येतो.

मला सर्वांत भीती वाटते ती 'छातीत जळजळतंय, ॲसिडिटीची गोळी द्या' या मागणीची. दुखणे डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकते का, घाम सुटतो का, हे मी विचारतो आणि 'हो' म्हटले की गोळी न देता कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जाऊन ताबडतोब ईसीजी काढायला सांगतो. परवा एकाने घड्याळाकडे पाहिले आणि विचारले, "शिफ्ट सुटल्यावर गेलो तर चालंल काय?"