नानांच्या काळजातली गाठ

आज दिवसभर नानांना घेऊन धुळ्यात. बरगडीखाली जड वाटतं म्हणून सोनोग्राफी केली, तर यकृतात, म्हणजे आपण काळीज म्हणतो त्यात, पाण्याने भरलेली मोसंबीएवढी गाठ. मला कॅन्सरच आठवला. डॉक्टरांनी मात्र विचारलं, "मेंढ्या आहेत का? कुत्रं?"

नाना खुशीत म्हणाले, "मोत्या शे ना! तो ते मन्हा पोऱ्या शे!"

या गाठीला हायडॅटिड म्हणतात म्हणे. कुत्र्याच्या आतड्यात जेमतेम ३ ते ६ मिलिमीटरचा फीतकृमी असतो. त्याची अंडी विष्ठेतून मातीत, भाजीवर, कुत्र्याच्या केसांवर. तिथून हातावाटे आपल्या पोटात. मग गाठ वर्षानुवर्षं गुपचूप वाढते.

पण कुत्र्यात तो येतो कुठून, हे ऐकून मी गप्पच झालो. मेंढी कापली की काळजावर कधी कधी पांढरट, पाणीदार फोड दिसतात, त्या याच गाठी. ते "खराब" म्हणून आपण काय करतो? मोत्यापुढे टाकतो. लहानपणी मीच कितीदा टाकलंय. तो शेपटी हलवत हवेतच झेलायचा.

आता नानांना गोळ्या, नंतर बहुतेक ऑपरेशन. मोत्यालाही जंताचं औषध, तेही दर दीड महिन्याने. बिचाऱ्याला स्वतःला काहीच त्रास नाही!

संध्याकाळी साक्रीच्या गाडीतून उतरलो, तर फाट्यावर मोत्या हजर. नानांच्या अंगावर उडी मारून हात चाटायला लागला. नानांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग हात पाठीमागे लपवला.

घरी गेल्यावर साबण मात्र मागून घेतला.